तुरीचा जिनोम वाचला, मग तूर अजून का उधळते?

वखरपाळी:

मागच्या आठवड्यात पीकपाण्याच्या गप्पांत एका दादांनी विचारलं होतं, "तुरीचा जिनोम 2011 सालीच वाचला म्हणता, मग आमची तूर अजून का उधळते?" उधळणं म्हणजे उभं झाड वाळून जाणं, आणि जिनोम म्हणजे झाडाच्या पेशीत लिहिलेली त्याची सगळी आनुवंशिक माहिती. दोन ओळींत उत्तर देणं मला जमेना, म्हणून हा वेगळा धागा काढते आहे. मी तुरीच्या पैदाशीचंच काम करते. राहते हैदराबादजवळ, गाव हिंगोली जिल्ह्यात.

आधी घरचं सांगते. मी सातवीत असताना आमची दीड एकर तूर ऐन फुलोऱ्यात गेली. सकाळी शेंड्यांनी माना टाकलेल्या दिसल्या. वाटलं, पाण्याचा ताण असेल. पण माती बोटाने उकरली तर खाली चांगली ओल होती. आठवडाभरात पानं पिवळी पडून झाडावरच लटकून राहिली आणि बुंध्यापासून वर जांभळट पट्टा चढला. बाबांनी एक खोड विळ्याने उभं चिरलं, तर सालीखाली लाकडात काळ्या रेघा होत्या. आईने तुराट्या उपटून चुलीला लावल्या आणि त्या वर्षी दाळ दुकानातून आली. स्वतः तूर पेरणाऱ्या घरात दाळ विकत आणावी लागते तेव्हा कसं वाटतं, ते इथल्या अनेकांना माहीत आहे.

तो मर रोग. फ्युजेरियम उडम नावाची बुरशी जमिनीत असते. ती मुळातून शिरते आणि झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या बुजवते. म्हणून जमिनीत ओल असूनही झाड तहानेने मरतं. फवारणीने ती हटत नाही, कारण ती खोडाच्या आत असते. खरा उपाय एकच, झाडातच प्रतिकार असणं. आणि जिनोमचा संबंध इथे येतो.

नोव्हेंबर 2011 मध्ये तुरीचा जिनोम 'नेचर बायोटेक्नॉलॉजी'त प्रसिद्ध झाला. काम हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या पुढाकाराने, राजीव वार्ष्णेय यांच्या नेतृत्वाखाली झालं. वाण घेतला होता 'आशा', म्हणजे आयसीपीएल 87119. तुरीच्या 11 गुणसूत्रजोड्या, त्यांत सुमारे 83 कोटी अक्षरं, म्हणजे डीएनएचे एकेक घटक. त्यातली 60 कोटी जुळवता आली आणि 48,680 जनुकं असावीत असा अंदाज निघाला. त्याच सुमारास दिल्लीत भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्थेत नागेंद्र कुमार सिंह यांच्या गटानेही 'आशा'चाच जिनोम स्वतंत्रपणे वाचला. ज्या पिकाकडे जगातल्या मोठ्या बियाणे उद्योगाने कधी नीट पाहिलं नाही, त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट होती. मला आजही त्याचा अभिमान वाटतो.

पण जिनोम हाती येणं म्हणजे गावाचा नकाशा हाती येणं. प्रत्येक गट, प्रत्येक धुरा त्यात दिसतो. कुठल्या गटात विहिरीला पाणी लागेल, हे मात्र खणल्याशिवाय कळत नाही. 48 हजार जनुकांतलं कुठलं मर रोखतं, हे नुसती अक्षरं वाचून समजत नाही. त्यासाठी झाडं मरताना बघावी लागतात. हे कसं करतात ते विचाराल तसं लिहीत जाईन.

तिफण_जालना:

ताई, तो प्रश्न माझाच होता. वेगळा धागा काढला, बरं वाटलं.

माझं खरं सांगतो. दोन एकर बीडीएन 711 आहे, सोयाबीनमधी. हा वाण मरीला दाद देत नाही असं ऐकून घेतला होता, आणि पहिली तीन वर्षं दिलीही नाही. यंदा एका कोपऱ्यात झाडं उभ्या उभ्या वाळायलीत. शेंगा भरायच्या वेळेला. शेजारचे म्हणायलेत, वाण थकला. वाण थकतो का? आणि थकत असेल तर तुमच्या त्या कोटी अक्षरांचा मला काय उपयोग?

वखरपाळी:

दादा, उपयोगाचं नंतर बोलू. आधी एक करा. वाळणाऱ्यांपैकी आठ-दहा झाडं मुळासकट उपटा आणि खोड बुंध्यापासून वर हातभर उभं चिरा. आत लाकडात काळ्या-तपकिरी रेघा दिसल्या तर मर. आत स्वच्छ आणि बाहेर सालीवर खोलगट तपकिरी चट्टा असेल, झाड तिथेच मोडत असेल, तर ती मर नाही. तो फायटोप्थोराचा करपा. तो पाणी साचतं तिथे येतो. लांबून दोन्ही सारखेच दिसतात आणि दोन्हींना आपण 'उधळली' म्हणतो. आणखी एक सांगा, बियाणं दरवर्षी नवं घेता की घरचं ठेवता?

तिफण_जालना:

घरचं. चार वर्षं झाली. उद्या चिरून बघतो.

आकडेमोड:

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, शेतीचं ज्ञान शून्य, पण धागा वाचून राहवलं नाही. दोन प्रश्न. पहिला, जिनोम वाचून काढलेली ही तूर जीएम, म्हणजे बाहेरचं जनुक घातलेली, असते का? घरच्यांना हेच सांगायचं आहे. दुसरा, आता जिनोम वाचणं पूर्वीपेक्षा कितीतरी स्वस्त झालं आहे. मग हजारो झाडांचा जिनोम वाचून संगणकालाच का विचारू नये की कुठलं चांगलं? अडतं कुठे?

वखरपाळी:

पहिल्याचं उत्तर, नाही. बाहेरचं जनुक तुरीत घालणं वेगळं. इथे तुरीचा तुरीशीच संकर करतात, जसा पूर्वीपासून करत आले तसाच, चिमट्याने पुंकेसर काढून. फरक एवढाच की संकरातून आलेल्या हजार रोपांतली कुठली ठेवायची, हे रोप वीतभर असतानाच पानाच्या तुकड्यावरून कळतं. घरच्यांना निःशंक सांगा.

दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. 2016 मध्ये इक्रिसॅटच्या गटाने मर आणि वांझ (झाडाला फूलच न येणारा) या दोन रोगांना रोखणाऱ्या जनुकांचा शोध प्रसिद्ध केला. आयसीपीएल 20096 या रोग सहन करणाऱ्या ओळीचा (ओळ म्हणजे इथे एकाच वंशाची, पिढ्यानपिढ्या तशीच राहणारी तूर) संकर आयसीपीएल 332 या रोगाला बळी पडणाऱ्या ओळीशी केला होता. त्यांची पुढची पिलावळ पिढ्यानपिढ्या वाढवली आणि रोगट जमिनीत लावली. काही ओळी साफ मेल्या, काही ताठ उभ्या राहिल्या. मेलेल्यांचा डीएनए एका नळीत एकत्र केला, उभ्या राहिलेल्यांचा दुसऱ्या नळीत, आणि दोन्ही वाचले. बहुतेक ठिकाणी दोन्ही नळ्यांत आईबापांची अक्षरं मिसळलेली असतात. पण एखाद्या जागी उभ्या राहिलेल्यांत जवळजवळ सगळी अक्षरं 20096 ची आणि मेलेल्यांत 332 ची निघाली, तर प्रतिकाराचं जनुक त्या जागेच्या आसपास आहे. मग तिथलं एखादं अक्षर खूण म्हणून धरायचं. धुऱ्यावरचा दगड जसा जमिनीबरोबर पुढच्या पिढीकडे जातो, तशी ही खूण जनुकाबरोबर जाते. आम्ही तिला मार्कर म्हणतो.

आता बघा, यात संगणकाचं काम किती आणि शेताचं किती. कुठली ओळ मेली आणि कुठली जगली, ही नोंदच चुकली तर दोन्ही नळ्या गढूळ होतात. पाणी साचून मेलेलं झाड 'मर' म्हणून लिहिलं, किंवा बुरशी पोचलीच नाही म्हणून वाचलेलं झाड 'प्रतिकारक' म्हणून लिहिलं, की पुढचं सगळं गणित खोट्या पायावर उभं राहतं. आमच्याकडे अडतं ते इथे. जिनोम वाचायचं यंत्र दिवसरात्र चालतं. तूर वर्षातून एकदाच मरते, आणि ती मरताना नीट बघणारी माणसं मोजकी आहेत.

जुना_कृषीसहायक:

नोकरीत असताना मी काही वर्षं रोगट प्लॉटवर नोंदी घेण्याचं काम केलं आहे. ताईंनी मनातलं लिहिलं.

रोगट प्लॉट म्हणजे मुद्दाम आजारी ठेवलेलं शेत. सगळे शेतकरी रोग जावा म्हणून धडपडतात, तिथे आम्ही तो टिकावा म्हणून धडपडायचो. मेलेल्या तुरीची खोडं बारीक तोडून पुन्हा त्याच जमिनीत गाडायची. दरवर्षी तूरच. दर काही ओळींनंतर एक ओळ अशा वाणाची, जो नक्की मरणार. ती ओळ आमचा साक्षीदार. ती मेली नाही, तर त्या पट्ट्यातल्या बाकीच्या नोंदींना अर्थ नाही. पहिल्या वर्षी मला ती ओळ मेलेली बघून वाईट वाटायचं. नंतर ती हिरवी दिसली की काळजी वाटायची.

वांझ रोगाचं तर आणखी वेगळं. हा विषाणू डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळी नावाच्या किडीतून पसरतो. झाड मरत नाही, पानं लहान आणि फिकट पिवळसर होतात, झुडूप दाट होतं आणि फूलच येत नाही. गुरांसाठी पाला चांगला होतो, दाणा मात्र एकही मिळत नाही. आता या कोळ्याला हजार रोपांवर सारखं सोडायचं कसं? सत्तरच्या दशकात इक्रिसॅटमध्ये यशवंत नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपाय काढला. रोगट झाडाचं पान घ्यायचं, दहा-बारा दिवसांच्या रोपाच्या पहिल्या पानाभोवती दुमडायचं आणि ऑफिसातल्या साध्या स्टेपलरने पिन मारायची. रोगट पान सुकत जातं तसा कोळी ताज्या पानावर उतरतो. बस. भाताचा खैरा रोग म्हणजे जस्ताची कमतरता, हे दाखवून देणारेही हेच नेने.

मी वाकून वाकून एका दिवसात किती पिना मारल्या असतील, मोजल्या नाहीत. संध्याकाळी अंगठा वळायचा नाही. आज मार्करचं नाव निघालं की मला तो स्टेपलर आठवतो.

वखरपाळी:

काका, तुमच्यासारख्यांनी लिहिलेल्या वह्या आम्ही अजून उघडतो. वांझ रोगाच्या ओळी निवडताना पिनेचीच पद्धत आजही वापरतात.

सीमाभाग:

मी कलबुर्गी जिल्ह्यातला, आळंद तालुका. घरी मराठी, बाजारात कन्नड. आमच्याकडे तूर म्हणजेच शेती. ऐंशीच्या दशकात मरीने आमच्या भागात इतका घात केला की काही लोकांनी तूर सोडली होती, असं वडील सांगतात. मग 1986 ला 'मारुती' आला, आयसीपी 8863. तो संकर करून घडवलेला नव्हता, स्थानिक तुरीतून रोगट जमिनीत निवडून काढलेला होता. त्याने आमची घरं उभी केली. पण मारुतीला वांझ रोग लागतो. नंतर 1993 ला 'आशा' आला, तो मर आणि वांझ दोन्ही सोसायचा, पण पिकायला दिवस जास्त. पाऊस लवकर गेला की आशाच्या शेंगा हलक्या जमिनीवर भरायच्या नाहीत. म्हणजे एक मिळालं की दुसरं सुटतं.

माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्याकडे हरभऱ्यात 'अण्णिगेरी' जुना वाण. चवीला उत्तम, डाळ सुरेख, पण मरीने खलास झाला. आता 'सुपर अण्णिगेरी 1' आला आहे. तोच दाणा, तीच चव, मर मात्र सोसतो. म्हणतात की तो मार्कर वापरूनच केला. मग हरभऱ्यात जमलं ते तुरीत का नाही?

वखरपाळी:

बरोबर ऐकलंत. जुन्या अण्णिगेरीत डब्ल्यूआर 315 या ओळीतला मरीचा प्रतिकार आणला. संकर केला, मग पुन्हा पुन्हा अण्णिगेरीशीच संकर, आणि दर पिढीत मार्कर पाहून फक्त प्रतिकाराचा तुकडा असलेली रोपं ठेवली. बाकी सगळं अण्णिगेरीचंच राहिलं, म्हणून चव तीच. 2019 मध्ये तो प्रसारित झाला. त्याच वर्षी 'पुसा चिकपी 10216' आला. त्यात आयसीसी 4958 या ओळीतून पाण्याचा ताण सोसणारा तुकडा पुसा 372 या वाणात आणला आहे. हरभऱ्याचा जिनोम 2013 ला वाचला आणि 2021 मध्ये 'नेचर'मध्ये 3,366 हरभऱ्यांचे जिनोम एकत्र प्रसिद्ध झाले. त्यात 195 रानटी. हरभरा खरंच पुढे आहे.

तूर का मागे, याची कारणं तुरीच्या स्वभावातच आहेत. हरभरा साडेतीन महिन्यांत हाती येतो आणि फूल उमलण्याआधीच स्वतःचं परागीकरण उरकतं. त्यामुळे एकदा निवडलेली ओळ तशीच राहते. तूर मात्र दिवस लहान होण्याची वाट बघते. जूनमध्ये पेरा की जुलैमध्ये, पारंपरिक तूर दिवस आखडल्याशिवाय कळी धरत नाही. म्हणून वर्षाला एकच पिढी. सहा वेळा परत संकर करायचा तर सहा वर्षं, आणि मग चाचण्यांची वर्षं वेगळी. आता बंद खोल्यांत दिव्यांचा प्रकाश आणि उष्णता नियंत्रित करून वर्षाला अनेक पिढ्या घेता येतात, पाटणचेरूला ते काम चालू आहे. 2025 मध्ये त्यांनी आयसीपीव्ही 25444 ही उन्हाळी तूर जाहीर केली. सुमारे 125 दिवसांची, 45 अंशांपर्यंतचं ऊन सोसणारी, दिवस लहान होण्याची वाट न बघणारी. माझ्या आजोबांना कुणी उन्हाळ्यात तूर दाखवली असती तर त्यांनी विश्वास ठेवला नसता.

दुसरं कारण मधमाशी. त्यावर इथे बीजोत्पादन करणारं कुणी असेल तर त्यांनी लिहावं, माझ्यापेक्षा नीट सांगतील.

सोलेभात:

मी अमरावतीकडची. मला एक बोलायचं आहे आणि ते कुणाला मागासलेलं वाटलं तरी चालेल. आमच्या धुऱ्यावर सासूबाईंच्या काळापासून एक तूर आहे. उंच वाढते, शेंग लांब, दाणा मोठा, उशिरा येते. संक्रांतीला तिचे सोले काढतो. हिरव्या दाण्यांना जी गोडी आहे ती विकतच्या वाणांच्या सोल्यांना नाही. दाळ झटकन शिजते आणि वरण दाट होतं. तुमच्या निवडीत हे कुठे बसतं? रोग मोजता, क्विंटल मोजता. गोडी कोण मोजतं?

वखरपाळी:

ताई, यात मागासलेलं काहीच नाही, उलट ही तक्रार योग्य आहे. शिजण्याचा वेळ आणि डाळीचा उतारा मोजतात, पण बहुतेकदा वाण जवळजवळ पक्का झाल्यावर. हिरव्या दाण्याची गोडी डाळीच्या वाणांत फारशी कुणी मोजत नाही. आणि जे मोजलं नाही त्याची खूण सापडत नाही, जिनोम कितीही वाचा.

आणखी एक. 2017 मध्ये 292 तुरींचे जिनोम पुन्हा वाचून एकमेकांशी ताडले. त्यात रानातून शेतात येताना आणि पुढे निवड होत जाताना तुरीतली विविधता किती आकसली ते स्पष्ट दिसलं. लागवडीची तूर मध्य प्रदेशाच्या भागात जन्मली असावी, असाही निष्कर्ष त्यातून निघाला. म्हणजे तुमचा धुरा तिच्या माहेरापासून फार लांब नाही. त्या झाडात काय आहे ते आज कुणाला माहीत नसेल. त्याचं थोडं बी कोरडं करून, नाव, गाव आणि पेरणी-काढणीचा महिना लिहून नक्की जपा. जवळच्या कृषी विद्यापीठाच्या कडधान्य विभागालाही द्या.

सोलेभात:

यंदाच देईन. दाणे डब्यात राखेत ठेवलेले आहेतच.

मांजराकाठ:

लातूर जिल्ह्यातून. आमचा शेतकरी गट तुरीचं प्रमाणित बियाणं करतो, म्हणून मधमाशीचं मी सांगतो.

तूर फुलावर आली की सकाळी दहानंतर शेतात उभं राहून बघा. मोठ्या काळ्या माशा फुलाच्या पाकळ्या पायाने दाबून आत शिरतात आणि अंगाला पिवळा पराग लावून दुसऱ्या झाडावर जातात. तुरीत वीस-तीस टक्क्यांपर्यंत परपरागीकरण सहज होतं, माशा जास्त असल्या तर त्याहून जास्त. म्हणून प्रमाणित बियाण्याच्या प्लॉटपासून दुसरी तूर निदान 100 मीटर लांब हवी. आता सांगा, आपल्या गावात शंभर मीटर मोकळं शिवार कुठे आहे? कापसात तुरीचं तास, सोयाबीनमध्ये तास, बांधावर तूर. आम्ही दरवर्षी शेजाऱ्यांच्या पाया पडून त्यांना आमचंच बियाणं पेरायला देतो, तेव्हा कुठे अंतर जुळतं. मग भेसळ काढायला फुलोऱ्यात तीन फेऱ्या. उंची वेगळी, फुलाचा रंग वेगळा, शेंगेवरच्या रेघा वेगळ्या, असं झाड दिसलं की उपटायचं. भरलेलं झाड उपटताना हात थरथरतो, तरीही.

एक वर्ष एका दुकानातून पायाभूत (ज्यापासून प्रमाणित बियाणं करतात ते) म्हणून घेतलेली पिशवी उगवल्यावर तिरंगी निघाली. सबंध प्लॉट नापास झाला. पेरून बघायची शुद्धता चाचणी म्हणजे पूर्ण हंगाम. तोवर बी विकलं गेलेलं असतं. वखरपाळीताई, ते मार्करवाले हे काम करू शकत नाहीत का?

वखरपाळी:

करू शकतात, दादा, आणि संकरित तुरीच्या बाबतीत ते करूनही दाखवलं आहे. आयसीपीएच 2671 हा संकरित वाण 2010 मध्ये मध्य प्रदेशात आला. त्याची नर-वंध्य, म्हणजे स्वतःचा पराग न देणारी ओळ कॅजानस कॅजानिफोलियस या रानतुरीच्या पेशीद्रव्यावर उभी आहे आणि बी तयार होतं ते मधमाशांच्याच भरवशावर. त्यात खरा संकर किती आणि भेसळ किती, हे मार्करने पानाच्या तुकड्यावरून काही दिवसांत कळतं, हंगामभर थांबावं लागत नाही. सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या वाणांसाठीही हे शक्य आहे. नवा वाण काढण्याइतकंच हे काम मला मोलाचं वाटतं. वीस वर्षं खपून प्रतिकार बियात आणायचा आणि चार हंगामांत माशांनी तो शिवारभर पातळ करायचा, हे मी डोळ्यांनी पाहते. तुरीचं उत्पादन कित्येक दशकं हेक्टरी सात-आठ क्विंटलच्या आसपास घुटमळतं, त्यात घरच्या सरमिसळ बियाण्याचाही वाटा आहे असं माझं ठाम मत आहे. जालन्याच्या दादांचं खोड चिरून झालं का?

तिफण_जालना:

झालं, ताई. अकरा झाडं चिरली. सात झाडांत बुंध्यापासून गुडघ्यापर्यंत काळ्या रेघा, अगदी कोळशाने ओढल्यासारख्या. चार झाडं आतून पांढरीफटक, पण बाहेर बुंध्याजवळ चट्टा. ती चारही विहिरीकडच्या लवणातली, तिथं ऑगस्टमधी पाणी तुंबलं होतं. म्हणजे दोन रोग निघाले आणि मी एकच समजत होतो.

मग मांजराकाठचं वाचून आणखी एक केलं. पूर्ण वाळलेल्या शेंगा उकलत गेलो. बीडीएन 711 चा दाणा पांढरा. मला प्रत्येक तासात लाल दाण्याची झाडं सापडली, दहा-बारा पावलांवर एखादं. शेजाऱ्याची तूर लाल आहे, मधी फक्त बैलगाडीची वाट. पण घरी ठेवलेलं मागच्या वर्षीचं बी बघितलं तर बहुतेक पांढरंच दिसतंय. हे कसं?

वखरपाळी:

दादा, फार नेमकं पाहिलंत. दाण्याचं टरफल हा आईचा भाग असतो. तुमच्या पांढऱ्या झाडावर लाल तुरीचा पराग पडला तरी त्या वर्षी दाणा पांढराच दिसतो. आत रोप मात्र संकराचं असतं. ते पेरलं की त्या झाडाला येणारे दाणे रंग दाखवतात. म्हणून सूप भरून निवडलं तरी ही सरमिसळ हाताला लागत नाही. मेलेल्या सातांत अशी संकराची किती होती, ते आता सांगता येणार नाही. पण वाण थकला असं लगेच म्हणू नका. चार वर्षांनी तुमच्या शेतात जे आहे ते पूर्ण 711 नाहीच.

पुढच्या वर्षी नवं प्रमाणित बियाणं घ्या. मरीच्या कोपऱ्यात दोन-तीन वर्षं तूर टाळा, ज्वारी घ्या. बुरशी मेलेल्या खोडा-मुळांत टिकते, म्हणून तुराट्या तिथे गाडू नका, मुळासकट उपटून जाळा. लवणातलं पाणी काढायला चर मारा.

जुना_कृषीसहायक:

एक विचारतो. त्या कोपऱ्यात आजूबाजूची सगळी मेली आणि एखादं झाड मधोमध ताठ उभं आहे, असं काही दिसतंय का?

तिफण_जालना:

काका, सकाळी जाऊन आलो. पाच आहेत. चारही बाजूंनी वाळलेली आणि मधी ही हिरवी, शेंगांनी वाकलेली. एक लाल दाण्याचं, चार पांढऱ्या. आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधून आलो, मजुरांनी चुकून कापू नयेत म्हणून.

जुना_कृषीसहायक:

पाचही झाडांचं बी पाच पुरचुंड्यांत वेगळं ठेव. एकत्र करू नकोस. लालचंही टाकू नकोस.

वखरपाळी:

प्रत्येक पुरचुंडीवर तारीख, कोपरा आणि आजूबाजूची किती झाडं मेली ते लिहा, दादा. अर्धं बी बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात नेऊन द्या, तुमच्यापासून जवळच आहे. आणि मघाशी मी त्या कोपऱ्यात तूर टाळा म्हटलं, त्यात थोडी दुरुस्ती करते. बाकी कोपऱ्यात ज्वारीच, पण उरलेल्या अर्ध्या बियांच्या पाच ओळी तिथेच पेरा, एका झाडाची एक ओळ. मधे एक ओळ अशा तुरीची, जी नक्की मरते. कुठलं बी घ्यायचं ते काका सांगतील.

तिफण_जालना:

पेरतो. मृगात टाकल्या की इथंच कळवतो.